हुमणीचे भुंगेरे आणि १ मेची ग्रामसभा

कोणत्याही ग्रामपंचायतीच्या मासिक सभेचे इतिवृत्त उघडून पाहिले, तर विषयांचा क्रम बहुधा ठरलेला आढळतो. मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे, जमाखर्चास मंजुरी देणे, नळपाणी योजनेच्या पंपाची दुरुस्ती, बंद पडलेले पथदिवे, तुंबलेली गटारे, घरपट्टी व पाणीपट्टीची थकबाकी, आलेल्या अर्जांचे वाचन आणि सर्वांत शेवटी ‘आयत्या वेळचे विषय’. पिकांवरील किडी या यादीत क्वचितच येतात. हुमणी आलीच तर ती ऑगस्ट किंवा सप्टेंबर महिन्यात, तीही आयत्या वेळच्या विषयांत येते. उसाचे बेट पिवळे पडून हाताने अलगद उपटले जाऊ लागले की कोणीतरी सभासद उभा राहतो, चर्चा होते, ‘कृषी विभागास कळवावे’ असा ठराव होतो आणि तो इतिवृत्तात राहतो. त्या सुमारास हुमणीची अळी जमिनीत पूर्ण वाढलेल्या अवस्थेत असते आणि ग्रामपंचायतीने करण्याजोगे फारसे काही उरलेले नसते. करण्याजोगे जे होते ते मे आणि जून महिन्यांतील अवघ्या काही संध्याकाळींचे काम होते.

मावा, तुडतुडे यांसारख्या बहुसंख्य किडींचा बंदोबस्त शेतकरी आपल्या बांधाच्या आत करू शकतो. शेजाऱ्याने फवारणी केली नाही तर त्रास होतो, पण आपले पीक काही अंशी तरी वाचविता येते. हुमणीचे तसे नाही. तिची अळी एकाच्या शेतात असते, तिची आई दुसऱ्याच्या बांधावरील कडुलिंबावर किंवा गायरानातील बाभळीवर चरत असते. ज्या अवस्थेत ती सहज हाती लागते, त्या अवस्थेत ती कोणाच्याही सातबाऱ्यावर नसते. म्हणूनच ही कीड ग्रामपंचायतीच्या कामकाजाचा विषय ठरते, आणि तो विषय कोणत्या तारखेच्या सभेत घेतला यावर निकाल बराचसा अवलंबून असतो.

भुंगेऱ्याचे वर्ष

हुमणी, उन्नी, उकरी अशा नावांनी ओळखली जाणारी ही अळी म्हणजे भुंगेरेवर्गीय किडीचे बाल्यरूप होय. पांढुरकी, इंग्रजी ‘सी’ अक्षराच्या आकारात वळलेली, तपकिरी डोक्याची अळी सर्वांच्या परिचयाची आहे. महाराष्ट्र व कर्नाटकाच्या ऊस पट्ट्यात तिच्या अनेक जाती आढळतात. त्यांपैकी माळरानाच्या व हलक्या ते मध्यम जमिनीच्या भागात प्रामुख्याने आढळणारी होलोट्रिकिया सेराटा ही जात सामूहिक मोहिमेच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे.

या जातीची वर्षाला एकच पिढी होते. जमिनीत तयार होऊन विश्रांती घेत असलेले भुंगेरे वळवाचा किंवा मोसमी पावसाचा पहिला चांगला पाऊस होऊन माती भिजली की संध्याकाळी, अंधार पडता पडता, बाहेर निघतात. ते थेट जवळच्या कडुलिंब, बाभूळ, बोर अशा झाडांवर जातात. तेथेच नर-मादीचे मीलन होते, रात्रभर पाने खाल्ली जातात आणि उजाडण्यापूर्वी सर्व भुंगेरे पुन्हा मातीत शिरतात. दिवसा झाडाखाली उभे राहून वर पाहिले तर कुरतडलेल्या पानांखेरीज काही दिसत नाही. त्यामुळे ‘आमच्या गावात भुंगेरे नाहीत’ असे दिवसा पाहणी करणाऱ्याने सांगितले, तर त्यावर विश्वास ठेवू नये.

पुढील दिवसांत मादी जमिनीत साधारण १० सेंटीमीटर खोलीवर एकेक करून अंडी घालते. एका मादीपासून सर्वसाधारणपणे ५० ते ६० अंडी मिळतात असे धरले जाते. अंडी सुमारे दहा-बारा दिवसांत उबतात. लहान अळ्या प्रथम कुजलेल्या सेंद्रिय पदार्थांवर व कोवळ्या मुळांवर जगतात, दोनदा कात टाकतात आणि ऑगस्टपासून पुढे तिसऱ्या, सर्वांत खादाड अवस्थेत येतात. अळीची अवस्था पाच ते सात महिन्यांची असते. हिवाळ्याच्या सुरुवातीस ती खोल जाऊन कोष करते. कोषातून भुंगेरा बाहेर पडतो, पण जमिनीबाहेर येत नाही. तो पुढच्या वळवाची वाट पाहत तेथेच थांबतो.

या चक्राकडे नीट पाहिल्यास एक गोष्ट स्पष्ट होते. वर्षातील सुमारे अकरा महिने कीड मातीआड असते. ती उघड्यावर येते ती केवळ काही आठवडे, तेही रात्रीच. पहिल्या दोन-तीन चांगल्या पावसांनंतरच्या संध्याकाळी पकडलेल्या मादीच्या पोटातील अंडी अद्याप जमिनीत गेलेली नसतात. दोनशे माद्या त्या वेळी गोळा झाल्या, तर दहा हजारांच्या आसपास अंडी टळतात. त्याच दोनशे माद्या तीन आठवड्यांनी गोळा केल्या, तर बादली तेवढीच भरते. परंतु अंडी बऱ्याच अंशी जमिनीत गेलेली असतात. मोहिमेची छायाचित्रे दोन्ही वेळी सारखीच निघतात, म्हणून हा फरक अहवालात दिसत नाही.

ग्रामसभेच्या तारखा

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमानुसार आर्थिक वर्षात ग्रामसभेच्या किमान चार बैठका घ्याव्या लागतात. प्रत्यक्षात त्या २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवसांच्या आगेमागे होतात. या तारखा राष्ट्रीय व राज्याच्या सणांवरून पडल्या. कीटकशास्त्राचा त्यांच्याशी काही संबंध नाही. तरीही हुमणीच्या वर्षावर त्या ठेवून पाहिल्या, तर जुळणी आश्चर्य वाटावे इतकी चांगली आहे.

१ मे रोजी भुंगेरे जमिनीत तयार असतात आणि पावसाला अजून तीन-चार आठवडे अवकाश असतो. १५ ऑगस्टला अळ्या दुसऱ्या-तिसऱ्या अवस्थेत शिरत असतात. कोणत्या शिवारात किती प्रादुर्भाव आहे हे तपासण्याची ती वेळ होय. २ ऑक्टोबरपासून पुढील वर्षाच्या ग्रामपंचायत विकास आराखड्याची तयारी सुरू होते, म्हणजे पैशाची तरतूद सुचविण्याची ती वेळ. २६ जानेवारीला कीड खोलवर स्वस्थ असते आणि सभेनेही तिला स्वस्थ राहू द्यावे.

या चारांपैकी १ मेची सभा सर्वांत महत्त्वाची असूनही उपस्थितीच्या बाबतीत ती बहुधा सर्वांत दुबळी असते. उन्हाळा, लग्नसराई आणि ऊसतोड मजूर गावी परतण्याचा काळ एकत्र येतात. ग्रामसभेच्या गणपूर्तीसाठी गावातील मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी उपस्थिती लागते. ती न झाल्यास सभा तहकूब होते. तहकूब सभेस गणपूर्तीची अट नसते, पण तोपर्यंत आठवडा-दीड आठवडा निघून जातो. वळीव लवकर पडणाऱ्या वर्षी हा आठवडाच मोलाचा असतो. सभेची सूचना सात दिवस आधी निघते. तेव्हा ‘हुमणी भुंगेरे संकलन मोहीम’ हा विषय सूचनेतच यावा, यासाठी कृषी सहायकाने एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात ग्रामपंचायतीस लेखी पत्र द्यावे. तोंडी सांगितलेला विषय आयत्या वेळच्या यादीत जातो आणि तिथपर्यंत सभा पोहोचेल याची खात्री नसते. घरकुलांची लाभार्थी यादी पुढे असली, तर ती पोहोचत नाही हे निश्चित समजावे.

नियमित ग्रामसभेपूर्वी महिलांची सभा घेण्याची तरतूद अधिनियमात आहे. ती बहुतेक गावांत उरकली जाते. हुमणीच्या बाबतीत मात्र तिचा खरा उपयोग आहे. खुरपणी करणाऱ्या स्त्रियांच्या खुरप्याखाली अळी सर्वांत आधी येते. गतवर्षी कोणाच्या रानात, कोणत्या पट्टीत, किती हुमणी निघाली याची माहिती त्यांच्याजवळ असते. शेतमालकाकडे ती पीक वाळल्यानंतर येते. महिला सभेत गावचा नकाशा पुढे ठेवून ही माहिती विचारून घेतली, तर कोणत्या झाडांपासून सुरुवात करावी हे एका बैठकीत ठरते.

आधी ओळख, मग ठराव

मोहिमेचा ठराव करण्यापूर्वी गावात नेमकी कोणती हुमणी आहे हे ठाऊक असले पाहिजे. येथे दोन चुका वारंवार होतात.

पहिली चूक उकिरड्याची. स्वच्छतेच्या कामात उकिरडे हलविले जातात, खतात बोटाएवढ्या जाड पांढऱ्या अळ्या दिसतात आणि हुमणीचे उगमस्थान सापडले असे समजून खतावर कीटकनाशक ओतले जाते. शेणखतातील सगळ्याच अळ्या पिकाच्या शत्रू नसतात. त्यांत गेंडा भुंगेऱ्याच्या अळ्या असतात. नारळ-सुपारीच्या भागात त्यांची दखल घ्यावी लागते, पण उसाच्या मुळांशी त्यांचे वैर नाही. फुलांवर आढळणाऱ्या भुंगेऱ्यांच्या अळ्याही असतात. त्या कुजलेले पदार्थ खाऊन खत बारीक करतात. या दुसऱ्या गटाची परीक्षा अगदी सोपी आहे. अळी सपाट फरशीवर किंवा पत्र्यावर ठेवावी. ती उताणी होऊन पाठीवर सरपटू लागली, तर ती पुष्पभुंगेऱ्याची अळी होय. तिला खतात परत सोडावे. हुमणी पाठीवर चालत नाही, ती कुशीवर वळून पडून राहते. ग्रामसभेत हे प्रात्यक्षिक करून दाखविले, तर पाच मिनिटांत अर्ध्या गावाचा गैरसमज दूर होतो. अर्थात चांगले कुजलेलेच शेणखत शेतात घालावे ही शिफारस यामुळे रद्द होत नाही.

दुसरी चूक अधिक महागात पडते. कृष्णा, वारणा, पंचगंगा यांच्या काठच्या जमिनींत ल्युकोफोलिस लेपिडोफोरा ही वेगळी जात आढळते. तिचे भुंगेरेही पावसाच्या सुरुवातीस संध्याकाळी बाहेर पडतात, परंतु कडुलिंब-बाभळीवर रात्रभर चरण्याची सवय त्यांना नाही. थोडा वेळ उडून ते पुन्हा जमिनीत शिरतात. अशा गावाने झाडे हलविण्याची मोहीम आखली, तर चार रात्री रिकाम्या बादल्या घेऊन लोक परततात आणि पुढच्या वर्षी कोणी घराबाहेर पडत नाही. तेथे दिवस मावळताना शेतातच फिरून भुंगेरे वेचणे आणि प्रकाश सापळ्यांचा आधार घेणे हाच मार्ग राहतो. नदीकाठ आणि माळ असे दोन्ही प्रकारचे शिवार असलेल्या गावात दोन्ही जाती असू शकतात. म्हणून गतवर्षीच्या अळ्या किंवा पहिल्या संध्याकाळचे भुंगेरे डबीत घालून कृषी विज्ञान केंद्राकडे किंवा विद्यापीठाच्या कीटकशास्त्र विभागाकडे ओळखीसाठी पाठविणे, हे मोहिमेचे पहिले काम समजावे.

झाड कोणाचे?

शिवारातील यजमान झाडांची यादी करावयास बसले की ग्रामपंचायतीच्या रोजच्या कामकाजातील सर्वांत नाजूक प्रश्न पुढे येतो. गायरानातील, गावठाणातील, शाळेच्या आवारातील व स्मशानभूमीतील झाडे ग्रामपंचायतीच्या आवाक्यात आहेत. मोठ्या रस्त्याकडेची झाडे सार्वजनिक बांधकाम विभागाची, कालव्याकाठची जलसंपदा विभागाची आणि उरलेली, संख्येने सर्वांत जास्त, खाजगी बांधांवरची. बांध हा महाराष्ट्राच्या खेड्यांतील भांडणांचा जुना विषय आहे. रात्री आठ वाजता दहा माणसे बत्त्या घेऊन एखाद्याच्या बांधावर उभी राहिली, तर तो भुंगेऱ्यांकडे न पाहता माणसांकडे पाहतो. त्यातच एका गटाचा ऊस एका कारखान्याला आणि दुसऱ्याचा दुसऱ्याला जात असेल, तर मोहीम कोणाची याच प्रश्नावर ती अडते.

ग्रामसभेच्या ठरावाचा मुख्य उपयोग येथे होतो. व्यक्तीने मागितलेली परवानगी नाकारता येते. संपूर्ण गावासमोर, मालकाच्या उपस्थितीत, झाडांची यादी वाचून झालेला ठराव नाकारणे जड जाते. कायद्याच्या सक्तीचा मार्गही आपल्याकडे जुना आहे. तत्कालीन मद्रास प्रांताने १९१९ साली शेतीतील कीड-रोगांविषयीचा कायदा केला, मुंबई प्रांतात तसा कायदा १९४७ साली झाला. अधिसूचित किडीचा बंदोबस्त करणे अशा कायद्यांनी जमीनधारकावर बंधनकारक करता येते. परंतु काही आठवड्यांत, रात्रीच्या वेळी, शेकडो झाडांवर करावयाचे काम नोटिसा बजावून होत नाही. नोटीस पोहोचेपर्यंत मादी अंडी घालून मोकळी होते.

झाडांची यादी साधी असावी: गट क्रमांक, झाडाची जात, मालक, आणि जवळून वीजवाहिनी जाते किंवा नाही. हा शेवटचा रकाना कोणत्याही परिस्थितीत वगळू नये. भुंगेरे पाडण्यासाठी आकडी लावलेली लांब काठी वापरली जाते. पावसाने भिजलेली काठी, अंधार आणि झाडाच्या फांद्यांतून गेलेली तार हे एकत्र आले की जिवावर बेतते. तारेजवळची झाडे यादीतून सरळ काढून टाकावीत. विनाकठड्याच्या विहिरी असलेले बांधही रात्रीच्या मोहिमेतून वगळावेत, आणि पहिल्या पावसाने साप बाहेर पडण्याची हीच वेळ असल्याने पायांत बूट असल्याखेरीज कोणासही झाडाखाली जाऊ देऊ नये. शाळेतील मुलांना उत्साहाने बोलाविण्याची प्रथा काही ठिकाणी आहे. ती बंद केलेली बरी.

ठरावात काय असावे

‘हुमणी नियंत्रण मोहीम राबविण्यात यावी’ एवढ्या ठरावाने कोणावरही कसलीच जबाबदारी येत नाही. पुढील नमुना गावोगाव बदलून वापरता येईल.

‘आजच्या ग्रामसभेत असे ठरले की, गावाच्या शिवारातील सोबतच्या यादीत नमूद झाडांवरील हुमणीचे भुंगेरे पहिल्या चांगल्या पावसाच्या संध्याकाळपासून सलग दहा दिवस व त्यानंतरच्या प्रत्येक मोठ्या पावसानंतर तीन दिवस, रात्री आठ ते दहा या वेळेत गोळा करण्यात यावेत. यादीतील खाजगी झाडांच्या मालकांनी सभेत संमती दिली आहे. शिवाराचे वस्तीनिहाय भाग पाडण्यात आले असून प्रत्येक भागासाठी एक प्रमुख नेमण्यात आला आहे. पाऊस झाल्याचे पाहून मोहीम सुरू झाल्याची दवंडी व ध्वनिक्षेपकावरून सूचना त्याच दिवशी दुपारी देण्याची जबाबदारी सरपंच यांचेकडे राहील. साहित्याचा खर्च ग्रामनिधीतून करण्यास मंजुरी देण्यात येत आहे. दररोजच्या संकलनाची नोंद वहीत ठेवून ती जूनच्या व जुलैच्या मासिक सभेपुढे वाचण्यात यावी.’ त्याखाली सूचक, अनुमोदक आणि नेहमीचे ‘ठराव सर्वानुमते मंजूर’.

या ठरावात मोहिमेची तारीख नाही, ती जाणीवपूर्वक वगळली आहे. तारीख पाऊस ठरवितो. मान्यवरांच्या सोयीने ठरलेल्या उद्घाटनाच्या दिवशी माती कोरडी असेल, तर झाडावर भुंगेरा नसतो. पाऊस एका संध्याकाळी पडला आणि मासिक सभा आठ दिवसांनी होती म्हणून काम थांबले, असेही होऊ नये. त्यासाठीच दवंडीचा अधिकार आधी देऊन ठेवलेला आहे.

प्रत्यक्ष कृती फारशी अवघड नाही. झाडाखाली जुनी ताडपत्री किंवा साड्या अंथराव्यात, फांद्या जोरात हलवाव्यात आणि खाली पडलेले भुंगेरे गोळा करून साबणाचे किंवा कपडे धुण्याच्या पावडरीचे पाणी असलेल्या बादलीत टाकावेत. जुन्या शिफारशींत रॉकेलमिश्रित पाणी सांगितलेले असते. रॉकेल आता गावात सहज मिळत नाही, आणि त्याच्यावाचून अडतही नाही. साबणाच्या पाण्यात भुंगेरे बुडून मरतात. भुंगेरे निव्वळ पाण्यात टाकल्यास बरेच जण पोहत राहतात आणि काठावरून उडून जातात. गोळा झालेले मेलेले भुंगेरे खड्ड्यात पुरावेत.

गावाच्या पथदिव्यांचाही विचार व्हावा. भुंगेरे प्रकाशाकडे ओढले जातात, म्हणून शिवाराकडच्या दिव्याखाली साबणाच्या पाण्याचे पसरट भांडे ठेवले तर काही भुंगेरे आपोआप सापडतात. मात्र गेल्या काही वर्षांत ग्रामपंचायतींनी जुने दिवे काढून एलईडी दिवे बसविले आहेत. पांढऱ्या एलईडी दिव्यांत अतिनील किरण अत्यल्प असल्याने जुन्या पाऱ्याच्या दिव्यांच्या मानाने त्यांच्याकडे कीटक कमी येतात. ‘पूर्वी खांबाखाली भुंगेऱ्यांचा खच पडायचा, हल्ली पडत नाही’ यावरून हुमणी घटली असा निष्कर्ष काढता येणार नाही; दिवा बदलला आहे हे आधी ध्यानात घ्यावे.

पैसा आणि मजुरी

राज्यघटनेच्या ७३ व्या दुरुस्तीने जोडलेल्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपविता येणारे २९ विषय आहेत, आणि त्यांतील पहिलाच विषय कृषी विस्तारासह शेती हा आहे. ही दुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून अमलात आली. कागदोपत्री पहिला असलेला हा विषय गावच्या आराखड्यात मात्र रस्ते व गटारांच्या बराच खाली असतो. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१-२६ या काळातील अनुदानात ६० टक्के भाग पाणी व स्वच्छतेसाठी बंधित होता आणि ४० टक्के अबंधित. अबंधित भाग आस्थापना व वेतन वगळता अकराव्या अनुसूचीतील स्थानिक गरजांसाठी वापरता येतो, असे त्याचे स्वरूप होते. अर्थात तो खर्च आराखड्यात आधी दाखवावा लागतो. ऑगस्टमध्ये ऊस वाळल्यावर आठवण झाली, तर त्या वर्षाच्या आराखड्यात जागा नसते. म्हणून साहित्याची तरतूद २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत सुचवावी आणि नसल्यास ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातून करावी. बांबू, आकड्या, ताडपत्र्या, विजेऱ्या, बादल्या, साबण: रक्कम गावाच्या कुवतीबाहेरची नसते. वेळ लागतो तो दरपत्रके मागवून खरेदी करण्यास, आणि तो एप्रिल-मेमध्येच उपलब्ध असतो.

खरा अवघड प्रश्न श्रमाचा आहे. ऊस ज्यांचा आहे त्यांचे नुकसान टळते. रात्री झाडे हलविण्यास मात्र अनेकदा ज्यांच्याकडे एक गुंठाही नाही अशांना बोलाविले जाते. ‘श्रमदान’ हा शब्द येथे जपून वापरावा. रोजगार हमीतून हे काम होईल ही अपेक्षाही चुकीची आहे, कारण त्यातून कोणतीही स्थायी मत्ता उभी राहत नाही. काही भागांत साखर कारखान्यांनी व ग्रामपंचायतींनी किलोमागे ठरावीक दराने भुंगेरे विकत घेण्याची पद्धत अवलंबिली. भूमिहीन कुटुंबांना त्यातून चार पैसे मिळतात, त्यामुळे ती योग्यच आहे. परंतु सरसकट एकच दर ठेवल्यास लोक भुंगेरे विपुल होण्याची वाट पाहतात. पहिल्या आठवड्याचा दर जास्त आणि नंतर उतरता ठेवावा, म्हणजे पैसा आणि कीटकशास्त्र एका दिशेने चालतात. एका किलोत किती भुंगेरे बसतात हे पहिल्या रात्री मोजून वहीत लिहून ठेवावे. पुढे सगळे आकडे त्यावरून काढता येतात. दराचा भार उसाच्या क्षेत्राच्या प्रमाणात शेतकऱ्यांनीच वर्गणीतून उचलावा, असे काही गावांत सुचविले जाते. न्यायाच्या दृष्टीने ते पटण्यासारखे आहे. वसुलीच्या दृष्टीने ते पाणीपट्टीहून सोपे नाही.

पंधरा ऑगस्टचा विषय

मोहीम कितीही चांगली झाली तरी काही माद्या सुटतातच. जुलै-ऑगस्टमध्ये शिवारात ठिकठिकाणी एक फूट लांब, रुंद व खोल खड्डे घेऊन अळ्या मोजाव्यात. ही मोजणी शेतकरी, कृषी सहायक आणि गावातील ग्राम कृषी विकास समिती यांनी मिळून केल्यास १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत शिवारनिहाय आकडे वाचता येतात. जेथे अळ्या आढळतात तेथे शेतकऱ्याने वैयक्तिक उपाय करावयाचे असतात. मेटारायझियम ही परोपजीवी बुरशी व हेटरोरॅबडायटिस इंडिका हे कीटकभक्षी सूत्रकृमी यांचा वापर जमिनीत ओल असताना करावा. अळी लहान असतानाच त्यांचा परिणाम चांगला मिळतो. मोठ्या अळीवर रासायनिक कीटकनाशकांचाही प्रभाव कमी पडतो.

या सभेत एक सूचना आवर्जून वाचून दाखवावी. उसात हुमणीसाठी वर्षानुवर्षे वापरले गेलेले फोरेट हे दाणेदार कीटकनाशक देशात ३१ डिसेंबर २०२० पासून पूर्णतः बंद आहे. एखाद्याच्या कोठीत जुनी पिशवी पडून असू शकते. ती वापरू नये, दुसऱ्यास देऊही नये. पिकासाठी व किडीसाठी लेबलवर शिफारस असलेलेच कीटकनाशक, लेबलवरील मात्रेत वापरावे. यजमान झाडांवर सरसकट फवारणी करण्याचा आग्रहही धरला जातो. गावाजवळच्या कडुलिंबाच्या काड्या लोक दात घासण्यासाठी तोडतात, बाभळीचा पाला शेळ्या खातात आणि फुलांवर मधमाश्या येतात. सार्वजनिक झाडांवर फवारणीचा ठराव करण्यापूर्वी जैवविविधता व्यवस्थापन समितीचे मत घ्यावे. जैविक विविधता अधिनियम २००२ नुसार अशी समिती प्रत्येक ग्रामपंचायतीत असावयास हवी. ती कागदावरून प्रत्यक्षात आणण्यास हे एक निमित्त ठरू शकेल.

इतर राज्यांतील अनुभव

हुमणी ही केवळ ऊस पट्ट्याची कीड नाही. राजस्थान व गुजरातच्या भुईमुगात होलोट्रिकिया कॉन्सँग्विनिया ही जात उपद्रवी आहे. तिच्या भुंगेऱ्यांना एकत्र आणणारे गंधद्रव्य म्हणून मेथॉक्सीबेन्झिन ओळखले गेले आहे. ते निवडक झाडांवर लावल्यास भुंगेरे त्या झाडांवर एकवटतात आणि शेकडो झाडांऐवजी थोडक्या झाडांवर काम भागते. एका जातीचा गंध दुसऱ्या जातीस लागू पडेलच असे नाही, हे मात्र लक्षात ठेवावे. उत्तराखंडात या अळीला ‘कुरमुला’ म्हणतात. तेथील पायऱ्यापायऱ्यांच्या छोट्या शेतांत प्रत्येकाने सापळा लावणे शक्य नसल्याने अल्मोडा येथील विवेकानंद पर्वतीय कृषी अनुसंधान संस्थेने विकसित केलेला प्रकाश सापळा गावपातळीवर, एकत्रितपणे वापरण्यावर भर दिला गेला. किडी वेगळ्या, झाडे वेगळी, भूभागही वेगळा. परंतु पाऊस पडल्यावर सापळा कोणी पेटवायचा आणि सकाळी तो कोणी रिकामा करायचा, हे ठरविण्यासाठी तेथेही गावाला एकत्र बसावेच लागते.

मोहिमेची वही तीन वर्षे तरी सांभाळावी. एका वर्षाच्या आकड्यांवरून काही कळत नाही, कारण पाऊस उशिरा आला की भुंगेरे विखरून निघतात आणि बादल्या कमी भरतात. तीच झाडे, तेवढीच माणसे आणि पावसानंतरच्या त्याच संध्याकाळी यांची नोंद असेल, तरच तिसऱ्या वर्षीचा आकडा पहिल्या वर्षीच्या आकड्याशेजारी ठेवता येतो. निवडणूक होऊन नवी कार्यकारिणी आली की दप्तराचा ताबा दिला-घेतला जातो. त्या यादीत ही वही नोंदवून घ्यावी.